देव आहे का? भास्कराचार्यांचा सवाल, कानबाईचं नारळ आणि कारणांची साखळी

गिरणाकाठ (धागाकर्ता)

देव आहे की नाही हा वाद आपल्याकडे बहुतेक वेळा दोन वाक्यांत उरकतो. एक जण म्हणतो, "मग हे जग कोणी केलं?" दुसरा म्हणतो, "मग देवाला कोणी केलं?" आणि दोघंही आपण जिंकलो असं समजून घरी जातात. मला नेमकं या दोन वाक्यांपाशीच थांबायचं आहे. या दोन्हींच्या मागे फार कसून झालेला वाद आहे, आणि त्यातली एक जबरदस्त चाल आपल्या खान्देशाशी नातं असलेल्या माणसाची, गणिती भास्कराचार्यांची, आहे.

चाळीसगावजवळ पाटणादेवीला आपल्यातले बरेच जण जाऊन आले असतील. पाटणच्या शिलालेखात, इसवी सन १२०७ मध्ये, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ उभारल्याची नोंद आहे. भास्कराचार्यांचं विज्जलविड हे गाव नेमकं कुठलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण त्यांची विद्या या डोंगराच्या पायथ्याशी शिकवली जात होती, याला दगडावरचा पुरावा आहे.

या माणसाने ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, सिद्धान्तशिरोमणी लिहिला. त्यातल्या गोलाध्यायात एक प्रश्न येतो: पृथ्वी कशावर टेकलेली आहे? पुराणांचं उत्तर तयार होतं, शेष, कासव, दिग्गज. भास्कराचार्य म्हणतात (आशय माझ्या शब्दांत): पृथ्वीला धरणारा कोणी असेल तर त्याला धरणारा दुसरा लागेल, त्याला तिसरा, आणि हे कुठेच थांबणार नाही. शेवटचा जो कोणी आहे तो स्वतःच्याच शक्तीवर उभा आहे असं मानायचंच असेल, तर ती शक्ती पहिल्यालाच, म्हणजे पृथ्वीलाच, का मानू नये?

मी शाळेत गणित शिकवतो. इतकी स्वच्छ मांडणी मी फार कमी वेळा पाहिली आहे.

आता "आधार" काढा आणि तिथे "कारण" ठेवा. प्रत्येक गोष्टीला कारण असतं, म्हणून जगालाही कारण आहे, ते कारण म्हणजे देव. मग देवाला कारण? "देव स्वयंभू आहे, त्याला कारण लागत नाही." ठीक. पण एखादी गोष्ट कारणाशिवाय असू शकते हे मान्यच केलंत, तर ती सवलत जगालाच का नाही? मधे एक पायरी वाढवून काय मिळालं? भास्कराचार्य स्वतः ईश्वर मानणारे होते, ग्रंथाच्या सुरुवातीला त्यांनी वंदनही केलं आहे. म्हणून ते नास्तिक होते असं मी म्हणत नाही. त्यांनी घडवलेलं हत्यार या युक्तिवादाला लागू पडतं, एवढंच माझं म्हणणं.

दुसरी गोष्ट. "देव नाही" म्हणणं ही पाश्चात्त्यांकडून आलेली फॅशन आहे, असं इथे वारंवार लिहिलं जातं. सातव्या शतकातले कुमारिल भट्ट कट्टर वैदिक, यज्ञयाग आणि कर्मकांड यांचे खंदे समर्थक. तरी जगाचा कर्ता त्यांनी साफ नाकारला. त्यांचे प्रश्न आजही टोकदार आहेत. काहीच नव्हतं तेव्हा हा कर्ता कुठे बसला होता? शरीर नसेल तर त्याने हालचाल कशी केली? दयेपोटी जग निर्माण केलं म्हणाल, तर दया करायला तेव्हा जीव होता कुठे? मूर्खसुद्धा हेतूशिवाय काही करत नाही, मग याचा हेतू काय? म्हणजे विधी सगळे करायचे आणि सृष्टिकर्ता मात्र मानायचा नाही, ही भूमिका आपल्याच परंपरेत, तीही सनातन्यांच्या गोटात, पूर्ण वाढलेली होती.

हे माझ्या जिव्हाळ्याचं आहे, कारण मी देव मानत नाही आणि कानबाईला, म्हणजे आपल्या खान्देशातल्या देवीच्या उत्सवाला, दरवर्षी गावी जातो. नागपंचमीनंतरच्या रविवारी सुरत, पुणे, कल्याण असे विखुरलेले सगळे भाऊबंद एका छताखाली येतात. रोटाचे, म्हणजे प्रसादाचे, गहू दळले जातात, गंगाफळाची भाजी होते, नारळाला नथ आणि डोळे लावून कानबाई बसते. तिथे मी हात जोडले की हमखास कोणी म्हणतं, "बघ, मानतोस ना शेवटी!" मला हे पटत नाही. रोटामुळे भाऊबंदकी टिकते हे खरं, पण एखादी गोष्ट उपयोगी आहे म्हणून ती अस्तित्वात आहे असं ठरत नाही. हे दोन प्रश्न वेगळे ठेवून चर्चा करूया अशी विनंती. देव असण्याच्या बाजूचा तुमच्या मते सर्वांत भक्कम युक्तिवाद कोणता, ते सांगा.

वाटसरू

विषय आवडला. वाचतोय.

अमळनेरकर

मांडणी छान. मी तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलं, त्यामुळे राहवत नाही. आधी एक स्थानिक अभिमानाची गोष्ट: याच प्रश्नांचा नेटाने विचार व्हावा म्हणून प्रताप शेठजींनी १९१६ साली आमच्या अमळनेरात तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. साने गुरुजी शिक्षक होण्याआधी तिथे शिकले. तेव्हा खान्देशात असा धागा निघावा यात नवल नाही.

आता मुद्दा. भास्कराचार्यांच्या युक्तिवादाची मर्यादा तुम्ही ओलांडली आहे. ते बोलतात शेष-कासवासारख्या, आकार आणि वजन असलेल्या आधाराविषयी. अशा आधाराला पुन्हा आधार लागणारच, कारण तोही त्याच जातीचा आहे. ईश्वरवादी ज्याच्याविषयी बोलतो तो जगातल्या वस्तूंच्या रांगेतली आणखी एक वस्तू नव्हे. "देवाला कोणी केलं?" हा प्रश्न त्या रांगेत देवाला उभा करूनच विचारला जातो, म्हणून तो समोरच्याच्या म्हणण्याला लागत नाही. ही साप साप म्हणून भुई धोपटण्याची गत झाली.

खरा भक्कम युक्तिवाद मुस्लिम तत्त्वज्ञ इब्न सिना (९८० ते १०३७) यांनी मांडलेला आहे. "प्रत्येक गोष्टीला कारण असतं" असं ते म्हणतच नाहीत. ते म्हणतात, जगात ज्या वस्तू दिसतात त्या असूही शकतात, नसूही शकतात. तापी आहे, पण ती नसती तरी त्यात काही तार्किक विसंगती नव्हती. जे नसूही शकलं असतं ते "आहे", याचा खुलासा त्याच्या स्वतःच्या पोटात सापडत नाही, बाहेर शोधावा लागतो. अशा परावलंबी गोष्टींची रास कितीही मोठी करा, अगदी अनादी करा, रास परावलंबीच राहते. म्हणून जे नसूच शकत नाही असं काहीतरी मुळाशी असलं पाहिजे. इथे "सुरुवात कधी झाली" हा प्रश्नच येत नाही. जग अनादी असलं तरी युक्तिवाद उभा राहतो.

आणि "ती सवलत जगालाच का नाही?" याचं उत्तर असं: जगातलं जे जे पाहतो ते बदलतं, झिजतं, नष्ट होतं, वेगळंही असू शकलं असतं. स्वयंसिद्ध म्हणावं असं एकही लक्षण त्यात दिसत नाही.

आपल्याकडे दहाव्या शतकात उदयनाचार्यांनी ईश्वरसिद्धीसाठी न्यायकुसुमांजली लिहिली. त्यांच्याविषयी एक आख्यायिका आहे. ते जगन्नाथाच्या दर्शनाला गेले तेव्हा देऊळ बंद होतं. तेव्हा ते देवालाच म्हणाले, आज ऐश्वर्याच्या मदात माझी उपेक्षा करतोस, पण बौद्ध वादाला आले की तुझं असणं माझ्यावर अवलंबून असतं! भक्ताने देवाशी असं बोलावं आणि परंपरेने ते कौतुकाने जपावं, हे मला फार मोलाचं वाटतं. श्रद्धा आणि तर्क यांची आपल्याकडे अशी सलगी होती.

मूलकण

सर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी मूळचा जळगावचा, सध्या भौतिकशास्त्र शिकतो.

"राशीतली प्रत्येक वस्तू परावलंबी, म्हणून रास परावलंबी" ही उडी मला मान्य नाही. १९४८ साली बीबीसीवर तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल आणि फादर कोपल्स्टन यांचा वाद झाला, त्यात रसेल यांनी यावरच बोट ठेवलं होतं: प्रत्येक माणसाला आई असते, पण म्हणून माणूसजातीला आई आहे असं होत नाही. जग हे "आहे", त्यापलीकडे खुलासा नाही, इथे थांबायला काय हरकत आहे?

जाता जाता बिग बँगचं. "विज्ञानानेच सृष्टीची सुरुवात सिद्ध केली, म्हणजे देव सिद्ध झाला" असा मेसेज दर महिन्याला फिरतो. विश्व प्रसरण पावतं आहे हे १९२७ साली मांडणारे आणि १९३१ मध्ये आद्य अणूची कल्पना देणारे जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक पाद्री होते. १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी या सिद्धान्ताचा संबंध बायबलमधल्या निर्मितीशी जोडला, तेव्हा लमेत्र यांनाच ते रुचलं नाही. आपल्या भौतिकशास्त्राने धर्माला दुजोरा द्यावा किंवा त्याला खोडावं, दोन्ही त्यांना नको होतं. १३८० कोटी वर्षांपूर्वीच्या दाट, तप्त अवस्थेपर्यंत आपले सिद्धान्त नेतात. त्याच्या अलीकडचं आपण मोजतो, पलीकडचं काहीही त्यातून सिद्ध होत नाही, देवही नाही आणि देवाचा अभावही नाही.

अडावदजवळच्या उनपदेवला मी लहानपणी गेलो होतो. शरभंग ऋषींसाठी रामाने बाण मारला आणि गरम पाणी उसळलं, ही कथा तिथे ऐकली. नंतर कळलं की नर्मदा-तापीच्या पट्ट्यात जमिनीत खोल भेगा आहेत, पाणी खाली मुरतं, तापतं आणि वर येतं. ज्या जागेचं कारण ठाऊक नाही तिथे देव बसवला, की कारण सापडताच त्याला जागा रिकामी करावी लागते. ईश्वरवाद्यांनीच हा रस्ता सोडावा असं माझं प्रामाणिक मत आहे. त्या दृष्टीने अमळनेरकर सरांचा युक्तिवाद कितीतरी वरच्या दर्जाचा आहे, कारण तो कुठल्याही रिकाम्या जागेवर उभा नाही.

केळीबाग

तुम्ही सगळे शिकलेले लोक "जग कोणी केलं" यावर बोलता आहात. माझा प्रश्न वेगळा आहे. केलं असेल कोणी, पण तो चांगला आहे हे कशावरून?

रावेर तालुक्यात माझी केळी आहे. वैशाखातलं वादळ आम्हाला नवीन नाही. त्या वर्षी बाग कापणीवर आली होती, व्यापारी येऊन घड पाहून गेला होता. संध्याकाळी वारा सुटला तो अर्धा तासही नसेल. सकाळी गेलो तर झाडं कमरेतून मोडून एकमेकांवर पडलेली, घड मातीत, चीक वाहून काळा पडलेला. वर्षभर ठिबकचं पाणी, खत, कर्ज, मजुरी, सगळं त्या मातीत. निसवणीच्या, म्हणजे घड बाहेर पडण्याच्या, वेळी मी सत्यनारायण घातला होता, मनुदेवीला जाऊन आलो होतो. आमच्या आळीत एकाने माझ्यापेक्षा मोठी बाग गमावली आणि तो त्यातून उठलाच नाही. त्याची दोन लेकरं माझ्या मुलाबरोबर शाळेत जायची.

देव सर्वशक्तिमान आहे, त्याने वारा थांबवला असता. देव दयाळू आहे, त्याला थांबवावासा वाटला असता. वारा थांबला नाही. आता यातलं कोणतं खोटं ते मला सांगा. कीर्तनात विचारलं तर "देव परीक्षा घेतो" असं उत्तर मिळालं. लेकरांची कसली परीक्षा?

मुक्ताई_दिंडी

केळीबाग दादा, तुमचं वाचून पोटात कालवलं. मी मुक्ताईनगरहून आषाढीच्या वारीला जातो, तुमच्या भागातले कित्येक शेतकरी बरोबर असतात. "परीक्षा" हे उत्तर मलाही पटत नाही.

शास्त्राने हा प्रश्न टाळलेला नाही, एवढं मात्र सांगतो. ब्रह्मसूत्रांत तो थेट घेतलेला आहे: जगात इतकी विषमता आणि इतकं दुःख आहे, तर ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही का? शंकराचार्यांचं उत्तर असं की ईश्वर जिवांच्या कर्मानुसार फळ देतो. पाऊस सगळ्या शेतात सारखाच पडतो, कुठे भात येतो, कुठे जव, ते बियाण्यावर. आणि कर्माची ही साखळी अनादी आहे.

केळीबाग

महाराज, राग मानू नका. म्हणजे त्या लेकरांनी मागच्या जन्मी काहीतरी केलं असेल? त्यांना आठवत नाही, मला ठाऊक नाही, सिद्ध कोणालाच करता येत नाही. ज्याचा बाप गेला त्या पोराला "तुझंच कर्म" म्हणायचं? मी नाही म्हणू शकत.

सातपुडा_मास्तर

केळीबाग भाऊंना पूर्ण पाठिंबा. कर्मसिद्धान्ताचा वापर कोणाविरुद्ध झाला तेही बोलूया. "तुमच्या मागच्या जन्मीच्या पापामुळे तुम्ही या जातीत" हे सांगून माणसांना देवळाबाहेर ठेवलं गेलं. पंढरपूरचं मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात प्राणांतिक उपोषण करावं लागलं. ते स्वतः देव मानत होते, आणि देवाच्या नावाने उभ्या केलेल्या भिंतीविरुद्ध ते उपाशी बसले. मला त्यांचं हे आस्तिक्य कळतं. दुःखाचं खापर दुःखी माणसावर फोडणारं आस्तिक्य कळत नाही.

आता जरा वेगळं. मी धडगाव भागात शिकवतो, स्वतः भिल्ल आहे. हा सगळा धागा एक गोष्ट गृहीत धरून चालला आहे: देव म्हणजे विश्वाचा एक कर्ता, सर्वशक्तिमान, सर्वज्ञ. आमच्याकडचे देव तसे नाहीत. वाघदेव आहे, डोंगर आहे, कणसरी म्हणजे धान्याची माय आहे. नवं धान्य आधी तिला दाखवतात, मग घरात खातात. तिने ब्रह्मांड निर्माण केलं असं आमचे म्हातारे म्हणत नाहीत. ती सर्वशक्तिमान आहे असंही नाही, पीक बुडालं तर तिचंही बुडालं. त्यामुळे तुमचा कारणाचा युक्तिवाद तिला सिद्ध करत नाही, आणि केळीबाग भाऊंचा प्रश्न तिला खोडत नाही. ज्वारी आहे, म्हणून कणसरी आहे. वादाआधी कुठल्या देवाबद्दल बोलतोय हे ठरवा.

पांझराकाठची

मास्तरांचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. आणि गिरणाकाठ दादांनी कानबाईचा विषय काढला म्हणून लिहिते.

आमच्या घरी कानबाईचं नारळ आजेसासूंपासून चालत आलेलं आहे. वर्षभर ते देवघरात कापडात बांधून असतं. त्या रविवारी सासूबाई ते सोडतात, हळूहळू पुसतात, आणि मोत्याची नथ लावताना त्यांचा हात थरथरतो. घरात त्या कोणाला घाबरत नाहीत, सासऱ्यांनाही नाही. मी अंनिसच्या शिबिरांना गेलेली बाई आहे, नवससायास करत नाही. पण त्या क्षणी तिथे "काही नाही, नुसतं नारळ आहे" असं मला म्हणता येत नाही. ते नारळ आहे हे सासूबाईंनाही कळतं, दुकानातून आणलेलं नारळ त्या रोज फोडतात.

माझा मुद्दा असा की तुम्ही सगळे देवाला अनुमानाने शोधता आहात, धूर पाहून आग ओळखावी तसे. ज्या माणसाला समोर कोणीतरी असल्याची जाणीव होते, तो अनुमान करत नसतो. अशी जाणीव इतक्या माणसांना, इतक्या काळात झाली. ती सगळी भ्रम म्हणायची, तर भ्रम असल्याचा पुरावा कोणी द्यायचा?

आणि एक तक्रार आहे, ती याच बाईची. आमच्यात रोट भाऊबंदांनीच खायचा, लग्न झालेल्या मुलीला चालत नाही. माझी लेक पुढल्या वर्षी सासरी जाईल. कानबाई माय असेल तर ती मुलीला परकी कशी म्हणेल? देव नाही असं मी यावरून म्हणत नाही, पण हा नियम तिने केला नाही याची मला खात्री आहे.

चोपडेकर

एवढा तर्क कशाला? माझ्या मुलाला डेंग्यूमध्ये प्लेटलेट पार खाली गेल्या होत्या, डॉक्टरांनी हात टेकले होते. मनुदेवीला नवस बोललो, तिसऱ्या दिवशी पोरगा उठून बसला. याहून मोठा पुरावा कोणता?

मूलकण

चोपडेकर काका, तो बरा झाला याचा मनापासून आनंद आहे. पण डेंग्यूत प्लेटलेट खाली जाऊन पुन्हा वर चढणं हा त्या आजाराचा नेहमीचा क्रम आहे. नवस बोलूनही ज्यांची मुलं गेली, ते आईबाप इथे लिहायला येत नाहीत, हेही लक्षात घ्या.

अमेरिकेत याची रीतसर चाचणी झाली होती. २००६ साली निष्कर्ष आले. हृदयाची बायपास झालेले १८०२ रुग्ण, सहा रुग्णालयं. ज्यांच्यासाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली त्यांच्यातल्या ५२ टक्के रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर काही ना काही गुंतागुंत झाली, ज्यांच्यासाठी केली नाही त्यांच्यातल्या ५१ टक्क्यांना. या दोन्ही गटांना आपल्यासाठी प्रार्थना होते आहे की नाही ते माहीत नव्हतं. आणि "तुमच्यासाठी प्रार्थना नक्की होणार" असं ज्यांना सांगितलं होतं त्यांच्यात हे प्रमाण ५९ टक्के निघालं. यावरून देव नाही असं सिद्ध होत नाही, पण नवसाचा पुरावा म्हणून उपयोग होत नाही, हे नक्की.

पांझराकाठच्या ताई, तुमचा प्रश्न मात्र अवघड आहे. जाणीव खरी आहे, ती कशाची आहे हा वाद आहे. एकाला समोर विठ्ठल दिसतो, दुसऱ्याला येशू, तिसऱ्याला निराकार शांतता. वर्णनं एकमेकांशी जुळत नाहीत, तेव्हा निदान वर्णनांवर तरी विश्वास कसा ठेवायचा?

भुसावळ_जंक्शन

रेल्वेत नोकरी, रात्रपाळीत हा धागा वाचून काढला. मुस्लिम धर्मपंडित गझाली (१०५८ ते ११११) यांचं नाव यायला हवं होतं. आमच्या मोहल्ल्यातल्या मौलानांकडून लहानपणी ऐकलेला युक्तिवाद त्यांचाच: ज्याला सुरुवात आहे त्याला कारण आहे, जगाला सुरुवात आहे, म्हणून जगाला कारण आहे. म्हणजे "प्रत्येक गोष्टीला कारण" असं तेही म्हणत नाहीत. गिरणाकाठ भाई, तुमची भास्कराचार्यांची चाल इथे लागत नाही, कारण अल्लाहला सुरुवातच नाही, त्यामुळे त्याला सवलत दिलेली नसून तो नियमाबाहेरचाच आहे.

मजेची गोष्ट ही की गझालींना सर्वांत कडक उत्तर इब्न रुश्द यांनी दिलं, आणि ते काझी होते! जग अनादी मानूनही देव मानता येतो, हे त्यांचं म्हणणं. हे इब्न रुश्द ११२६ ते ११९८, म्हणजे आपल्या भास्कराचार्यांच्याच काळातले. एक पाटणच्या परंपरेतला, एक स्पेनमधल्या कॉर्दोबाचा, दोघांनी एकमेकांचं नावही ऐकलं नसेल.

तापीमाय

राम राम भाऊसहोन. मी भलता शिकेल नही. पन एक सांगस. पाऊस नही पडना ते आम्हना गावमा लोके महादेवले पानीमा कोंडतस. देववर रागे भरतस. जो नहीच त्यावर कोन रागे भरी? केळीवाला भाऊ बी देववर रागेच भरेल शे.

केळीबाग

तापीमाय जिभाऊ, खोटं नाही बोलत, राग आहे. पण राग आहे म्हणून तो आहे असं नाही ना? माझा बाप वारला तेव्हा त्याच्यावरही मी कितीतरी दिवस रागावलो होतो.

गिरणाकाठ (धागाकर्ता)

इतके कसदार प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. एकेकाला उत्तर देतो.

अमळनेरकर सर आणि भुसावळ भाई, तुमच्या दोघांच्या मांडणीसमोर माझी सवलतीची तक्रार जशीच्या तशी टिकत नाही हे खरं. इब्न सिनांचा युक्तिवाद मी प्रथमच इतका स्पष्ट वाचला. तरी माझी अडचण जात नाही, फक्त जागा बदलते. "जे नसूच शकत नाही" असं मुळाशी काहीतरी आहे, हे क्षणभर मान्य करू. ते काहीतरी म्हणजे "कोणीतरी" कशावरून? त्याला जाणीव आहे, इच्छा आहे, ते आपलं ऐकतं, हे कुठून आलं? मूळ पदार्थ, मूळ नियम, असंही ते असू शकतं. सांख्य दर्शनाच्या लोकांनी प्रकृती, म्हणजे जड मूळ द्रव्य, मानली आणि ईश्वर सिद्ध होत नाही असं सूत्रात लिहून ठेवलं, ते याच वाटेने. युक्तिवाद ज्याला सिद्ध करतो त्याच्यापुढे कोणी हात जोडत नाही, आणि ज्याच्यापुढे हात जोडतात त्याच्यापर्यंत युक्तिवाद पोचत नाही. ही दरी कोण भरणार?

मास्तर, तुमचा प्रतिसाद मी उद्या वर्गात नेणार आहे. आम्ही सगळे एकाच जातीच्या देवाशी भांडत होतो. पण एक विचारतो. "ज्वारी आहे म्हणून कणसरी आहे" यात ज्वारीपेक्षा जास्त काय आहे? नसेल काहीच, तर माझं तुमच्याशी भांडणच नाही. आणि जास्त काही असेल, तर तोच जुना प्रश्न परत येतो.

ताई, जाणिवेबद्दल. माझ्या आईच्या चेहऱ्यावर मी ते पाहिलं आहे, त्याला भ्रम म्हणायची माझी हिंमत नाही आणि गरजही नाही. कोणीतरी आहे असं तिला वाटतं, एवढं माझ्यासाठी निश्चित. मूलकणने विचारलेला प्रश्न मात्र राहतोच. रोटाचं म्हणाल तर आमच्या आळीतल्या दोन घरांनी लेकींना रोट द्यायला सुरुवात केली आहे. कोणाच्या घरावर कोप झाला नाही.

सातपुडा_मास्तर

गिरणाकाठ सर, जास्त काय आहे ते सांगतो. ज्वारी विकत घेणारा ती किलोने मोजतो. कणसरी मानणारा पेरणीच्या आधी तिच्याशी बोलतो, सांडलेला दाणा पायाखाली येऊ देत नाही, आणि कोठीतलं सगळं स्वतःचं समजत नाही. यात जास्तीची वस्तू नाही, जास्तीचं नातं आहे. नातं सिद्ध करायचं नसतं, निभवायचं असतं. तुम्हाला याला देव म्हणायचं नसेल तर आमचं काही बिघडत नाही.

अमळनेरकर

दरीचा प्रश्न बरोबर जागी पडला आहे, आणि ईश्वरवाद्यांनी त्यावरच सर्वाधिक घाम गाळला आहे. उदयनाचार्यांचं उत्तर थोडक्यात असं: जड परमाणू आपण होऊन एकत्र येत नाहीत, त्यांना जोडणारं काही लागतं, आणि मांडणी करायची म्हणजे काय मांडायचं याचं ज्ञान लागतं. म्हणून मूळ तत्त्व चेतन. मूलकण म्हणेल की परमाणू आपल्या नियमांनी जोडले जातात, चेतन कशाला. ते खरं, म्हणून मी उदयनांच्या या पायरीवर भर देत नाही. माझा भर इथे आहे: नियम हे कळण्याजोगे आहेत. भास्कराचार्यांसारखा एक माणूस पृथ्वी निराधार आहे हे बसल्या जागी तर्काने ओळखू शकला. विश्वाची घडण आणि माणसाची बुद्धी एकमेकांना इतकी जुळावीत, याचा खुलासा मुळाशी बुद्धी मानली तर सोपा होतो. हा निर्णायक पुरावा नव्हे. पारडं त्या बाजूला झुकतं, इतकाच माझा दावा.

केळीबाग भाऊ, तुमच्या प्रश्नाला मी मुद्दाम हात घातला नव्हता, कारण घाईने दिलेलं प्रत्येक उत्तर त्या मुलांचा अपमान करतं. मूळ तत्त्व आहे असं तर्क मला सांगतो. ते दयाळू आहे असं तर्क सांगत नाही. ते मी मानतो, आणि तुम्ही मानत नसाल तर तुम्हाला चूक ठरवणारा एकही युक्तिवाद माझ्याजवळ नाही.

केळीबाग

सर, इतकं सरळ मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. कर्म नाही, परीक्षा नाही, लीला नाही. मी अजून मानत नाही. पण तुम्ही जळगावला येणार असाल तेव्हा कळवा, मी रावेरहून येतो. मला त्या इब्न सिनांचं नीट समजून घ्यायचं आहे, विशेषतः वस्तू नसूही शकली असती म्हणजे काय ते. बाग त्या वर्षी नसूही शकली, एवढं मला कळलं आहे. त्यापुढचं तुम्ही सांगा.

मूलकण

मलाही यायचं आहे, दिवाळीच्या सुट्टीत ठेवा. राशीबद्दलचा माझा आक्षेप सरांनी अजून खोडलेला नाही!